लोसरची माती, मुंबईची लॅब: अँटिबायोटिक बनवणाऱ्या जिवाणूंच्या शोधाच्या नोंदी

सूक्ष्मजीवशास्त्राच्या एमएस्सीला जर्नल लिहावं लागतं. त्यात जे जमलं तेच नीटनेटकं उतरतं. खालच्या नोंदी माझ्या कच्च्या वहीतल्या आहेत. उंचावरच्या मातीवर असं काम कुणाला करायचं असेल तर जर्नलपेक्षा याच जास्त उपयोगी पडतील.

२३ सप्टेंबर २०२४, लोसर, स्पिती (हिमाचल प्रदेश)

गणपती झाल्यावर चार दिवसांची सुट्टी जोडून आम्ही दोघी, मी आणि प्रकल्पातली माझी पार्टनर, निघालो. कुंझुम खिंड उतरल्यावर लागणारं हे पहिलं गाव, चार हजार मीटरच्या वर. काल आल्यापासून डोकं ठणकतंय, जेवण गेलं नाही. नमुने कालच घ्यायचं ठरलं होतं, ते आजवर ढकललं. इथे पोचल्याच्या दिवशी काम होईल असं धरूच नका.

चंद्रताल वाटेतच होता, पण तो अभयारण्यात येतो. तिथून परवानगीशिवाय चिमूटभरही माती उचलायची नाही हे मॅडमनी निघतानाच बजावलं होतं. २००२ च्या जैवविविधता कायद्याचा कागदही त्यांनी वाचायला लावला होता. म्हणून फक्त गावातली शेतं घेतली, तीही मालकांना विचारून. आम्ही उतरलो त्या घरच्या आजींनी विचारलं, माती नेऊन काय करणार? मी सांगितलं, हिच्यात औषध बनवणारे जीव असतात, ते शोधणार. त्या स्वतः पुढे होऊन जवाच्या शेताकडे घेऊन गेल्या. पीक निघालं होतं, खुंट तेवढे उरले होते.

चार जागा घेतल्या. एल-१ मटारच्या शेताचा बांध, एल-२ जवाचं शेत, एल-३ मेंढ्यांच्या वाड्यामागची जागा, एल-४ घरामागचा उघडा बोडका उतार, जिथे गवताची काडीसुद्धा नाही. वरचा पाच सेंटिमीटर थर बाजूला सारून खालची माती घेतली. स्टीलचा चमचा प्रत्येक जागी स्पिरिटने पुसून लायटरवर धरला. वाऱ्याने लायटर टिकेना, तेव्हा पार्टनर ओढणीचा आडोसा धरून उभी राहिली. प्रत्येकी साधारण शंभर ग्रॅम, झिपच्या पिशवीत.

सकाळी आठ वाजता, दहा सेंटिमीटर खोलीवर मातीचं तापमान: ९ अंश. (हा आकडा लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.)

मी हे काम का घेतलं तेही एकदा लिहून ठेवते. माझ्या काकांना औषधांना दाद न देणारा टीबी झाला होता. दोन वर्षं उपचार चालले. सुरुवातीचे कित्येक महिने रोज कॅनामायसिनचं इंजेक्शन. टीबी गेला, पण जाताना कान घेऊन गेला. आता त्यांच्याशी मोठ्याने बोलावं लागतं. कॅनामायसिन जपानमधल्या मातीतल्या जिवाणूपासून १९५७ साली मिळालं. त्यांच्यावर ज्याचा परिणाम होईना त्या रिफॅम्पिसिनचं मूळही मातीतच आहे, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाइनच्या जंगलातल्या. एम.एस्सी.ला विषय निवडायची वेळ आली तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही.

२८ सप्टेंबर, मुंबई

मनाली, दिल्ली, मग रेल्वे. मनालीत जेलचे पॅक गोठवून घेतले होते, ते दिल्लीतच पाणी झाले. गाडीत थर्मोकोलचा डबा सीटखाली होता, आतलं तापमान २४ अंशांपर्यंत गेलं. बोरिवलीला उतरल्यावर थेट मासळी बाजार गाठला. सकाळचे सात. कोळीण मावशींनी पाट्यावरचा बर्फ फोडून दिला. पिशवीत काय आहे हे कळल्यावर पैसे घेईनात, बळेच दिले.

लॅबमध्ये आल्यावर पहिली चूक. बर्फाच्या पाण्याने पिशव्या ओल्या आणि मासळीच्या वासाच्या झाल्या होत्या, म्हणून बाहेरून स्पिरिटने पुसल्या. मार्करने लिहिलेली अक्षरं कापसावर उतरली. 'पर्मनंट' मार्कर पाण्याला टिकतो, स्पिरिटला नाही, हे रोज लॅबमध्ये बघूनही हात थांबला नाही. एल-१ आणि एल-२ ची अक्षरं अर्धवट दिसत होती. एल-३ आणि एल-४ दोन्ही कोऱ्या. सुदैवाने एल-३ मध्ये लेंडीखताचे तंतू होते आणि एल-४ नुसता खडीचा भुगा, म्हणून ओळख पटली. चारही नमुने शेतातले असते तर इथेच काम बंद पडलं असतं.

उपाय: पेन्सिलने लिहिलेली कागदाची चिठ्ठी दुसऱ्या पिशवीत घालून, नमुन्याची पिशवी तिच्यात ठेवायची. पेन्सिल पाण्याने जात नाही आणि स्पिरिटनेही जात नाही.

प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग ४ अंशाला राखीव ठेवला. मॅडमच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये, कारण लॅबचा फ्रिज दिवसभर उघडझाप होत असतो. या एका निर्णयाने पुढे सगळा प्रकल्प वाचला.

१ ऑक्टोबर

पद्धतीत लिहिलं होतं की माती सावलीत वाळवा. बटर पेपरवर पसरून पंख्याखाली ठेवली. दोन दिवसांनी वजन केलं तर दहा ग्रॅमची १०.२ झाली होती. पुन्हा काटा शून्य करून तोलली, तेच. स्पितीची माती मुळात इतकी कोरडी की मुंबईच्या हवेतली ओल तिने शोषून घेतली. पाऊस अजून गेलेला नाही.

वजनाचं दुःख नाही. पण दोन दिवस उघड्यावर, पंख्याच्या वाऱ्यात राहिलेल्या मातीत आता लोसर किती आणि ही लॅब किती, कोण सांगणार? तो भाग ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून) टाकून दिला. नवीन दहा-दहा ग्रॅम घेऊन सिलिका जेल भरलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवले. तीन दिवस गेले.

५ ऑक्टोबर

प्रिन्सेस स्ट्रीटला जाऊन सामान आणलं. स्टार्च केसिन अगार, म्हणजे जिवाणू वाढवायचं माध्यम, तयार न घेता स्वतः बनवायचं ठरवलं, स्वस्त पडतं. त्यात केसिनने छळलं. पाण्यात टाकलं की गुठळ्या होऊन वर तरंगतं, ढवळून काही होत नाही, ऑटोक्लेव्हनंतर प्लेटमध्ये पांढरे कण दिसतात आणि तेच पुढे कॉलनी (जिवाणूंच्या वाढीचा ठिपका) म्हणून मोजले जातात. लॅबच्या मामांनी बघितलं आणि म्हणाले, "आधी थोड्या सोड्यात विरघळवून घे, मग पाण्यात ओत." सोडा म्हणजे पातळ सोडियम हायड्रॉक्साइड. एका मिनिटात विरघळलं. मग पीएच ७.२ ला आणला. मामा तीस वर्षं माध्यमं बनवतायत, त्यांना मी पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं.

ॲक्टिनोमायसीट गटाचे (धाग्यांसारखे वाढणारे, अँटिबायोटिक बनवणारे) जिवाणू हवेत, बाकीचे नकोत, म्हणून माती कोरडीच १२० अंशाला एक तास तापवली. अनेक पद्धतींत तसं दिलेलं असतं. मग सलाइनमध्ये दहापट-दहापट पातळ करून प्लेटांवर पसरली. इन्क्युबेटर २८ अंश.

१४ ऑक्टोबर

पहिली खेप वाया. काही प्लेटा रिकाम्या, काहींवर बॅसिलसच्या पसरट, सुरकुतलेल्या कॉलनी. उष्णतेत टिकणारे तेवढे टिकले. ॲक्टिनोमायसीटची खडूसारखी कोरडी कॉलनी एकही नाही. एल-४ च्या सगळ्या प्लेटा कोऱ्या, आणि मी पाचव्या दिवशी त्या टाकूनही दिल्या.

मॅडमना वही दाखवली. त्यांनी पहिलं पान उलटलं.

"सकाळी मातीचं तापमान किती लिहिलंयस?"

"नऊ अंश."

"आणि प्लेटा कितीला ठेवल्यास?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी पुढे एवढंच विचारलं, की वर्षातले सहा-सात महिने गोठलेल्या मातीतला जीव पाच दिवसांत कॉलनी कशी दाखवेल. रागावल्या नाहीत. २८ अंश आणि सात दिवस हे आकडे मी आपल्याकडच्या शेतातल्या मातीच्या पद्धतीतून जसेच्या तसे उचलले होते. लोसरला थर्मामीटर खुपसून बसले होते ते कशासाठी, हे मुंबईत येईपर्यंत विसरले.

१६ ऑक्टोबर

दुसरी खेप. केलेले बदल आणि कारणं:

तापवणं बंद. त्याऐवजी मातीत दहास एक प्रमाणात कॅल्शियम कार्बोनेट मिसळून ठेवलं होतं, तेवढंच. तापमान १५ अंश. माध्यम अर्ध्या ताकदीचं, कारण एल-४ सारख्या मातीत खायलाच काही नसतं, एकदम पंगत वाढली तर वेगाने खाणारेच सगळं फस्त करतात. प्लेटमध्ये १५ ऐवजी २५ मिली माध्यम, कारण तीन-चार आठवडे ठेवायचं तर पातळ अगार वाळून तडकतं. बुरशी रोखायला सायक्लोहेक्सिमाइड, मिलीला ५० मायक्रोग्रॅम. ग्राम-निगेटिव्ह जिवाणू (ग्राम स्टेन या रंगचाचणीत गुलाबी दिसणारा गट) रोखायला नॅलिडिक्सिक ॲसिड, २५ मायक्रोग्रॅम. सायक्लोहेक्सिमाइड आपल्याही पेशींना विषारी आहे. हातमोजे आणि मास्क घालूनच तोलायचं, घाई असेल त्या दिवशी तोलायचंच नाही.

१५ अंशासाठी बीओडी इन्क्युबेटर (खोलीपेक्षा थंड ठेवता येणारा) लागतो. लॅबमधला मोठा पाणी-तपासणीच्या प्रॅक्टिकलला लागतो, त्यांचं तापमान वेगळं. दोन दिवस विनवण्यांत गेल्यावर कोपऱ्यातला जुना मिळाला. त्याचा डायल १५ दाखवतो तेव्हा आत १८ असतं. आत वेगळा थर्मामीटर ठेवून डायल १२ ला लावला.

११ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज लॅब उघडली. सुट्टीत मजल्याचा मेन स्विच बंद केला गेला होता. इन्क्युबेटरचं दार उघडलं तेव्हा आत ३१ अंश होते आणि आंबूस वास. झाकणांना आतून पाणी सुटलेलं, ते प्लेटांवर ठिबकलेलं, कॉलनी एकमेकींत वाहून गेलेल्या. २६ ऑक्टोबरला शेवटचं पाहिलं तेव्हा एल-२ च्या प्लेटांवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसायला लागले होते. ते आता ओळखू येत नाहीत.

पार्टनर रडली. मीही. मग छत्तीस प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये भरल्या.

मला कुणाला दोष द्यायचा नाही. सुट्टीत मेन बंद करणं हा नियम आहे आणि मशीन चालू राहणार आहे हे आम्ही कुणालाही लेखी कळवलं नव्हतं. कळवा. अर्ज द्या, पोच घ्या, मशीनवर मोठा कागद चिकटवा आणि सुट्टीत मधे एकदा कुणीतरी जाऊन या. लांबच्या कामात सण धरूनच वेळापत्रक आखा.

मॅडमच्या खोलीतला फ्रिज वेगळ्या लाइनवर आहे. राखीव माती ४ अंशालाच होती.

१३ नोव्हेंबर

तिसरी खेप. सगळं १६ ऑक्टोबरसारखंच. बदल दोनच: प्लेटा उलट्या ठेवून पॅराफिल्म लावली, आणि दर खेपेबरोबर एक न पसरलेली कोरी प्लेट आत ठेवली, हवेतलं काही शिरतंय का ते कळायला. २० तारखेच्या मतदानासाठी आमची इमारत दोन दिवस आधीपासून ताब्यात जाणार आहे. या वेळी अर्ज दिला, पोच वहीत चिकटवली.

९ डिसेंबर

सव्विसावा दिवस.

पहिले बारा दिवस काहीच नव्हतं. कोऱ्या प्लेटा बघून परत ठेवायला जीव धजत नाही, वाटतं हेही वाया गेलं. पार्टनरने वहीत रोज फक्त 'नाही' लिहिलं, बारा वेळा. तेराव्या दिवशी एल-२ वर ठिपके आले, एकोणिसाव्या दिवशी एल-१ वर. एल-४ वर आज, पहिल्यांदा.

आज भिंगाखाली एल-२ ची एक कॉलनी अर्धा तास बघत बसले. मसुरीच्या दाण्याएवढी. मधे राखाडी, कडेला पांढरी, वरून खडूची भुकटी शिंपडल्यासारखी, आणि मध्यापासून कडेपर्यंत बारीक भेगा. लूप (जिवाणू उचलायची तारेची कडी) टेकवला तर उचलली जाईना. इतर जिवाणूंची कॉलनी लोण्यासारखी लूपवर येते. ही अगारमध्ये मुळं रोवून बसलेली असते. सुईने खालून खरवडून काढावी लागली, तेव्हा कट्ट असा हलका आवाज आला. झाकण उघडलं तसा वास आला: पहिल्या पावसाचा. तो वास या जिवाणूंचाच असतो, जिओस्मिन नावाच्या रसायनाचा, हे शिकवलेलं होतंच. पण डिसेंबरमध्ये, एसीच्या खोलीत, तो नाकात शिरला तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. (वास घ्यायला प्लेट नाकाशी नेऊ नका. लांबूनच येतो.)

एकूण २१२ कॉलनी मोजल्या. खडूसारख्या किंवा चिवट दिसणाऱ्या ७१ निवडल्या.

१३ डिसेंबर

शुद्ध कल्चर (एकाच जिवाणूची वाढ) व्हायला अजून महिना लागणार. तेवढा धीर निघेना. काल प्लेटांवरूनच, कॉलनीसकट अगारचे आठ मिलिमीटरचे प्लग कॉर्क बोअररने काढले आणि ई. कोलायच्या लॉनवर (प्लेटभर सारख्या पसरलेल्या थरावर) ठेवले. बारा प्लग. स्टॅफ (स्टॅफिलोकॉकस) आणि बॅसिलस या चाचणीच्या इतर जिवाणूंची कल्चर तयार नव्हती, म्हणून फक्त ई. कोलाय. ३७ अंशाला रात्रभर.

सकाळी बारा प्लगांभोवती बारा स्वच्छ गोल (झोन), म्हणजे तिथे ई. कोलाय वाढलं नव्हतं. ई. कोलाय मारणारे जिवाणू, बारा! ग्राम-निगेटिव्हवर चालणारी औषधं मिळणं किती कठीण झालंय हे आम्ही सगळे सेमिनारमध्ये बोलत असतो. मी व्हरांड्यात जाऊन काकांना फोन लावला, दोनदा ओरडून सांगावं लागलं. त्यांना सगळं कळलं नसेल, पण म्हणाले, "सापडलं ना? बास मग."

१६ डिसेंबर

नव्हतं सापडलं.

मॅडमनी फोटो पाहिले. पहिला प्रश्न: "बाराच्या बारा?" दुसरा: "सगळे झोन किती मिलिमीटर?" मी मोजले होते. चौदा, चौदा, तेरा, चौदा, चौदा. बारा वेगवेगळे जिवाणू, वेगवेगळ्या मातीतले, आणि झोन एकाच मापाचे. तिसरा प्रश्न: "कोऱ्या अगारचा प्लग ठेवला होतास?"

नव्हता ठेवला. शनिवारी संध्याकाळी ठेवला. तिसऱ्या खेपेची ती कोरी प्लेट, जिच्यावर काहीच उगवलं नव्हतं, तिचा प्लग. काल सकाळी त्याच्याभोवती चौदा मिलिमीटरचा झोन.

ते नॅलिडिक्सिक ॲसिड होतं, आम्हीच माध्यमात घातलेलं. ग्राम-निगेटिव्ह जिवाणू रोखायला घातलं आणि ग्राम-निगेटिव्ह ई. कोलायवरच तपासलं. प्लगबरोबर औषध गेलं आणि त्याने त्याचं काम केलं. बारा जिवाणूंचा त्यात काही वाटा नव्हता.

काकांना परत फोन केला. तो फोन जास्त कठीण होता.

हे काम करणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे की निवड करणाऱ्या प्लेटवरून थेट चाचणी करू नका. आधी औषध नसलेल्या माध्यमावर दोनदा उतरवा, म्हणजे नव्या प्लेटवर नेऊन पुन्हा वाढवा. आणि कोरा प्लग पहिल्या दिवसापासून ठेवा. त्याला एक मिनिट लागतं.

६ जानेवारी २०२५

७१ पैकी ५८ शुद्ध झाले. बाकीचे दुसऱ्यांदा उतरवल्यावर उगवलेच नाहीत किंवा बुरशीत बुडाले.

चाचणी अशी बसवली: जिवाणू १५ अंशाला चौदा दिवस वाढवायचा, मग प्लग काढून ३७ अंशाच्या लॉनवर. दोघांना एकत्र वाढवणं जमत नाही. १५ अंशाला स्टॅफ नीट वाढत नाही आणि ३७ ला आमचे थंडीतले पाहुणे वाढत नाहीत. प्रत्येक प्लेटच्या मध्यभागी कोरा प्लग. चाचणीचे तिन्ही जिवाणू लॅबच्या संग्रहातले ओळखीचे आहेत. रुग्णालयातून आणलेले औषध-प्रतिरोधी जिवाणू आमच्यासारख्या लॅबमध्ये हाताळायचे नाहीत. टीबीच्या जंतूवर चाचणी करायचा तर विचारही नाही, त्याला वेगळ्या सुरक्षेची लॅब लागते.

५८ पैकी बॅसिलस सबटिलिसवर चौघांचा झोन. त्यांतल्या दोघांचा स्टॅफवरही. ई. कोलायवर शून्य. कोऱ्या प्लगाभोवती काही नाही, सगळीकडे लॉन भरलेलं.

चार. १३ डिसेंबरच्या बारांपेक्षा हे चार मला फार मोठे वाटतात.

२४ जानेवारी

चौघांची चाचणी तीनदा केली. एल-१-०६ ने (एल-१ च्या मातीतला एक जिवाणू) तिसऱ्या वेळी झोन दिला नाही. पुन्हा पुन्हा उतरवत गेलं की काही जिवाणू औषध बनवणं सोडून देतात, हे वाचलं होतं. म्हणून पहिल्याच शुद्ध कल्चरचा साठा २० टक्के ग्लिसरॉलमध्ये करून ठेवायचा असतो. मी तो करायला चौथ्या उतरवणीपर्यंत थांबले. एल-१-०६ गेला.

एल-४-०९ मुळे मात्र तीन रात्री झोप नाही. हा त्या बोडक्या उतारावरचा, सव्विसाव्या दिवशी दिसलेला. १५ अंशाला वाढवला तर बॅसिलसवर १९ मिलिमीटरचा झोन. २८ अंशाला वाढतो, जरा जोमानेच वाढतो, पण झोन नाही. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. ऑक्टोबरमधल्या हिशेबाने गेले असते तर तो उगवूनही माझ्या हाती लागला नसता.

१० फेब्रुवारी

औषध द्रवात काढायचा प्रयत्न. शेकरवर फ्लास्क ठेवायचे, पण आमचा शेकर थंड होत नाही. बीओडीत फ्लास्क ठेवून दिवसातून चारदा हाताने हलवले. दहा दिवसांनी द्रवात गोळे तरंगत होते, झोन शून्य. हे जिवाणू अगारवर जे बनवतात ते द्रवात बनवतीलच असं नाही.

मग उलट केलं. एल-२-१७ च्या वीस प्लेटा वाढवल्या, अगारचे तुकडे केले, इथाइल ॲसिटेट या द्रावकात रात्रभर भिजवले, गाळले, फ्यूम हूडमध्ये उडू दिलं. बीकरच्या तळाशी फिकट पिवळा थर राहिला, नखाने खरवडावा इतका. थोडा विरघळवून कागदी डिस्कवर. बाजूला तुलनेसाठी दोन कंट्रोल: नुसत्या इथाइल ॲसिटेटची वाळवलेली डिस्क, आणि जिवाणू नसलेल्या वीस प्लेटांचा तसाच काढलेला अर्क. दोन्ही कोरे. एल-२-१७ च्या डिस्कभोवती स्टॅफवर १३ मिलिमीटर.

मॅडमनी या वेळी काही विचारलं नाही. कंट्रोल पाहिले आणि सही केली.

२७ फेब्रुवारी

१६एस जनुकाच्या (ज्यावरून जिवाणू ओळखतात) वाचनाचा निकाल आला. दोनच पाठवले होते, पैसे तेवढेच होते.

एल-२-१७: स्ट्रेप्टोमायसिस. जनुक ओळखीच्या प्रजातींशी जवळजवळ तंतोतंत जुळतंय. म्हणजे औषधही ओळखीचं असण्याची शक्यताच जास्त. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये याच कुळात सापडलं, त्यानंतर जगभर हेच कूळ चाळलं गेलंय. आपल्या पिंपरीत, हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये मिळालेलं बुरशीवरचं हॅमायसिनही स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूचं. पिवळ्या थरात नेमकं काय आहे हे सांगायला मोठी यंत्रं लागतात. एका संस्थेकडे नमुना तपासायची विनंती पाठवली आहे.

एल-४-०९: वाचता आलं नाही. आलेखावर एकावर एक दोन-दोन शिखरं. म्हणजे कल्चर शुद्ध नव्हतं, आत दुसरा कुणीतरी लपलाय. मी तीनदा उतरवून शुद्ध म्हणून पाठवला होता, ग्राम स्टेन करून पाहिला नव्हता. आज केला. जाड धाग्यांच्या मधे बारीक गुलाबी काड्या दिसल्या. झोन दोघांपैकी कुणाचा, की दोघं शेजारी असतात तेव्हाच होतो, हे आता पहिल्यापासून बघावं लागणार. १८०० रुपये आणि तीन आठवडे. पाठवण्याआधी स्टेन करा.

३ मार्च

खर्च, प्रवास सोडून: माध्यमं आणि रसायनं ६,८०० रुपये, प्लेटा २,४००, जनुक-वाचन दोन नमुन्यांचं ३,६००, इथाइल ॲसिटेट ९००, थर्मोकोलचा डबा, जेलचे पॅक आणि बर्फ ३१०. एकूण १४,०१० रुपये, दोघींत वाटून. वाया गेलेले दिवस: वाळवण्यात तीन, २८ अंशांत दहा, दिवाळीत सव्वीस. खोट्या झोनचे चार दिवस मी यात धरत नाही. पुढचं सगळं काम त्या कोऱ्या प्लगामुळेच सरळ झालं.

प्रबंध याच महिन्यात द्यायचाय. त्यात एल-४-०९ बद्दल 'शुद्धीकरण सुरू आहे' एवढंच जाईल. पण काम माझ्या धाकट्या बॅचच्या एका मुलीने मागून घेतलंय. काल तिला सगळं दाखवलं: जुन्या इन्क्युबेटरचा खोटा डायल, मामांचा सोडा, ग्लिसरॉलच्या कुप्या कुठे आहेत ते. तिने एल-४-०९ दहापट-दहापट पातळ करून बारा प्लेटांवर पसरला, १५ अंश, बरोबर एक कोरी.

एल-४ ची अठरा ग्रॅम माती मॅडमच्या फ्रिजमध्ये शिल्लक आहे, दोन पिशव्यांत. चिठ्ठी पेन्सिलची आहे. वर तिने तिच्या अक्षरात भर घातलीय: 'लोसर, ९ अंश.'